चौदा नंबरच्या खिडक्या

प्रीता: फोटोत बघ, आपला धनेश परत रिकाम्या चोचीने आलाय, आजोबा. आणि आता चोच उघडी टाकून नुसता फांदीवर बसलाय.

आजोबा: उघडी का टाकली असेल? तूच सांग.

प्रीता: हंग्री आहे म्हणून?

आजोबा: धाप लागलीये त्याला. पक्ष्यांना घाम येत नाही, धापा टाकूनच अंग निववायचं. आणि धापा टाकत टाकत किडे कसे पकडणार? सावली सोडून उन्हात उतरायचं धाडसच होत नाही. तिकडे वाळवंटात आत्ता एक्केचाळीस आहे.

प्रीता: रिअल डिग्रीजमध्ये किती?

आजोबा: हं, म्हणजे तुमच्या ओहायोच्या डिग्र्या खऱ्या आणि बाकी जगाच्या खोट्या. एकशे सहा.

प्रीता: आणि इथे बर्फामुळे शाळेला टू अवर डिले.

आजोबा: म्हणून तर आज निवांत बघता येतंय. फॉर्मवर लिही. सात वाजून वीस मिनिटं, नर आला, खाणं नाही. तिकडच्या घड्याळात दोन वीस.

प्रीता: लिहिलं. पहिल्या वीकमध्ये तो शाळेच्या आधी सहा-सात वेळा यायचा. आईला दिसत नाही का हे?

आजोबा: तुझ्या आईकडे कालाहारीत एकतीस घरटी आहेत, प्रीता. ती एकटी कुठे कुठे बघेल? म्हणून तर दर दहा मिनिटांचे फोटो बघायला आपल्यासारखी माणसं घेतलीत. चौदा नंबर आपला, मी आखून दिलेल्या खोक्यातला.

प्रीता: आतला फोटो आला. मादी आहे, तिन्ही पिल्लं आहेत. आत चव्वेचाळीस. बाहेरपेक्षा जास्त. आजोबा, ती बाहेर का नाही येत? दार तर तिनेच बंद केलं ना. चोचीने फोडून टाकायचं.

आजोबा: फोडेलही. पण मग? आत बसल्यावर तिने उडायची पिसं सगळी एकदम गाळली. नवी अजून अर्धीच आलीत. खाली पडेल ती, आणि खाली कोल्हे.

प्रीता: म्हणजे ती ट्रॅप्ड आहे.

आजोबा: नवरा आणून भरवेल या भरवशावर तिने दार लिंपून घेतलं. एक फट ठेवली फक्त, चोच जाईल एवढी. आमच्या चिपळूणकडचे धनेशही असंच करायचे. आम्ही पोरं झाडाखाली उभी राहून बघायचो, नर दिवसभर फळं आणून देताना. कधी चुकायचा नाही.

प्रीता: हा चुकतोय.

आजोबा: हा चुकत नाहीये. ऊन चुकतंय. पस्तीसच्या वर गेलं की त्याला स्वतःचंच पोट भरत नाही. पूर्वी असे दिवस मोसमात मोजके यायचे. आई म्हणत होती, यंदा सलग तिसरा आठवडा.

प्रीता: मला भीती वाटते.

आजोबा: मलाही वाटते. सरक, इथे शेजारी बसतो.

प्रीता: तू केलेल्या खिडक्या कुठायत?

आजोबा: कुठल्या?

प्रीता: हवेच्या. शनिवारी मराठी शाळेत तू सगळ्यांना कार्डबोर्डचं खोकं करायला दिलं होतंस ना, तेव्हा. मी चारही खिडक्या कापल्या होत्या. निहारने तीनच कापल्या आणि तू त्याला म्हणालास, पक्षी गुदमरेल.

आजोबा: असतील की. छपराला लागून. इतके दिवस दिसत नव्हत्या, काल आईच्या मदतीला असतो त्या काबेलोने कॅमेरा पुसताना तो जरा वर केलाय.

प्रीता: छप्पर दिसतंय मला. खिडक्या नाहीत. तिथे दारावर आहे ना, तसाच चिखल आहे. आजोबा, तिने त्या पण बंद केल्यात.

आजोबा: चष्मा दे माझा.

प्रीता: चारही.

आजोबा: हो. चारही.

प्रीता: का पण? ती वेडी आहे का? तिलाच गरम होणार ना.

आजोबा: ती नाही वेडी. मी. तीस वर्षं मी कोलंबसमधल्या मोठमोठ्या इमारतींची हवा खेळती ठेवली. माझ्यासाठी भोक म्हणजे वारा. तिच्यासाठी भोक म्हणजे साप आत यायची वाट. दार लिंपणारा पक्षी खिडक्या लिंपेल, हे लहानपणी डोळ्यांनी बघितलेल्या माणसाला सुचायला नको होतं का? आईने जुन्या पोकळ झाडांसारखं खोकं मागितलं होतं. जाड लाकडाचं, बिनभोकाचं. म्हणाली, मोठी झाडं मरतायत, ढोल्या कमी पडतायत. मी तिलाच शिकवलं. म्हटलं, फळी पातळ घे, हवा खेळली की जाडीची गरज नाही.

प्रीता: मग ते आता ओव्हन झालंय.

आजोबा: हो.

प्रीता: आईला फोन कर. प्लीज, आत्ता. स्पीकरवर ठेव.

उत्तरा: बाबा? प्रीता बरी आहे ना?

आजोबा: बरी आहे, इथेच आहे. उत्तरा, चौदा नंबरचा आतला फोटो उघड. छपराखाली बघ.

उत्तरा: थांबा हं, इथे नेट कासव झालंय... अरे देवा. सगळ्या?

आजोबा: सगळ्या. आणि माझी खोकी नऊ आहेत तिकडे. नऊही तशीच असणार. त्यांच्यावर सावली धर. गोणपाट, चादर, काय असेल ते.

उत्तरा: बाबा, ती खोकी अभ्यासातली आहेत. आपणच सावली करायला लागलो, तर उन्हाने काय होतंय ते कळणार कसं? पहिल्या दिवसापासून हाच नियम आहे, मरताना दिसलं तरी हात लावायचा नाही. तुम्हीच म्हणाला होतात, बरोबर आहे.

आजोबा: म्हणालो होतो. पण तू काय लिहिशील वहीत? उन्हाने गेली. ते खोटं होईल. माझ्या खोक्याने गेली असं होईल ते. चुकीच्या यंत्राचा आकडा घेऊन काय करणार आहेस तू?

उत्तरा: इतकं सोपं नाहीये ते. झाडांच्या ढोल्यांतलीही जातायत. गेल्या आठवड्यात सहा नंबर गेलं, ते तर बाभळीचं जुनं खोड. काबेलो म्हणतो, त्याच्या वडिलांच्या वेळी सकाळी या पक्ष्यांच्या आवाजाने झोप मोडायची. आता गजर लावावा लागतो.

आजोबा: ती उन्हाने गेली, ही माझ्यामुळे जातील. दोन्ही एका रकान्यात घालू नकोस, एवढंच म्हणतोय.

उत्तरा: ...बरं. बरोबर आहे तुमचं. नऊही खोकी यादीतून काढते. चौदाच्या माथ्यावर थेट ऊन येतं, आधी तिकडेच जाते. वीस मिनिटांचा रस्ता आहे. आत्ता निघाले तर तीनपर्यंत—

प्रीता: आई, तू आत्ता नको जाऊस.

उत्तरा: काय गं? आपल्या चौदा नंबरसाठीच तर जातेय.

प्रीता: तुमचा रूल आहे ना, फोर्टीच्या वर कोणी बाहेर जायचं नाही, चारपर्यंत. तूच सांगितलंस. तो लास्ट इयरचा मुलगा पडला होता, त्याला हेलिकॉप्टरने नेलं.

उत्तरा: तो दिवसभर चालला होता. मी गाडीतून जाणार. एसी आहे.

प्रीता: झाडापर्यंत गाडी जात नाही. मला माहितीये, तू मॅप दाखवलास. वाळूतून चालायला लागतं. आणि शिडी.

उत्तरा: बाबा, तुम्ही सांगा तिला. पाच मिनिटांचं काम आहे.

आजोबा: शिडीवर नऊ फुटांवर, डोक्यावर ऊन घेऊन पाच मिनिटं.

उत्तरा: मग ऐका, सरळ बोलते. चारपर्यंत थांबले तर धाकटं पिल्लू बहुतेक राहणार नाही. ते आधीच अशक्त आहे. हे मी प्रीतासमोर बोलायला नको, पण तुम्ही दोघं मला थांबवताय, तर कशासाठी थांबवताय ते माहीत हवं.

प्रीता: मला माहितीये.

आजोबा: उत्तरा, चूक माझी आहे. तिची भरपाई तू करायची नाहीस. चारला नीघ.

उत्तरा: किल्ल्या तरी कुठे आहेत... काबेलो किल्ल्यांवरच बसलाय. मराठी एक शब्द कळत नाही त्याला, पण सगळं कळलंय असं तोंड केलंय.

आजोबा: त्याला माझा नमस्कार सांग. आणि ऐक, चादर खोक्याला टेकवायची नाही. मध्ये चार बोटं मोकळी ठेव, वारा जायला. चिखलाला हात लावू नकोस, ती घाबरेल आणि परत लिंपेल.

उत्तरा: हो, बाबा. प्रीता, नाश्ता झाला का तुझा?

प्रीता: पोटात जात नाहीये.

उत्तरा: माझ्याही नाही. दोघी पाणी तरी पिऊ. ठेवते.

(नऊ वाजून गेले आहेत. टेबलावर ओटमीलची वाटी तशीच आहे. प्रीता बूट घालून बसली आहे.)

प्रीता: आजोबा, मी बॅड केलं का?

आजोबा: काय?

प्रीता: आईला थांबवलं. मी आधी म्हटलं वाचव, आणि मग म्हटलं नको. आई गेली असती तर आता सावली असती.

आजोबा: नाही, बाळा. तू थांबवलं नसतंस तर मला थांबवावं लागलं असतं, आणि मला ते चटकन जमलं नसतं. माझं मन माझ्या खोक्यात अडकलं होतं. एक क्षण मलाही वाटलं, जाऊ दे तिला.

प्रीता: खरंच?

आजोबा: खरंच. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

प्रीता: नऊ दहाचा आला. आत सेहेचाळीस.

आजोबा: तुझी आई निघाली असेल. चार वाजून दहा झाले तिकडे. पिल्लं?

प्रीता: दोन जणांच्या चोची उघड्या आहेत. धाकटं दिसत नाही. त्याच्या आईच्या खाली आहे. असेल.

आजोबा: "असेल" फॉर्ममध्ये लिहायचं नाही. दिसतं ते लिही.

प्रीता: "दोन." आजोबा, ह्या सगळ्या पक्ष्यांना दुसरीकडे नाही जाता येणार? जिथे थंड आहे?

आजोबा: काही जातील. काहींचं दुसरीकडे पोटच भरणार नाही. त्यांचे किडे, त्यांची झाडं तिथे नाहीत. आणि वाळवंटाच्या कडेला पोचलं की पुढे जायला दर वेळी जागा असतेच असं नाही.

प्रीता: हे सगळं कोणी केलं?

आजोबा: आपण. थोडं थोडं, खूप वर्षं. माझ्या इमारतींनीसुद्धा. आत गार करायचो आम्ही, आणि गरम हवा बाहेर सोडायचो. तेव्हा विचारलं नाही कोणी, बाहेर म्हणजे कुठे.

प्रीता: नऊ वीस. नो चेंज. आई कुठाय?

आजोबा: वाळूत असेल.

प्रीता: मला नाही बघायचं पुढचं. तू बघ.

आजोबा: बरं, मी बघतो. तू माझा हात धर.

प्रीता: तुझा हात गार आहे.

आजोबा: घाबरलो की होतो. नऊ तीस... आला.

प्रीता: काय आहे?

आजोबा: बाहेरच्या फोटोत चादर आहे. पांढरी, निळ्या काठाची. बांधलीये नीट, मध्ये फट ठेवून. शिडीचा एक पाय दिसतोय आणि तुझ्या आईची टोपी.

प्रीता: टोपीच्या खाली आई आहे?

आजोबा: आहे. उभी आहे.

प्रीता: आणि आत?

आजोबा: पंचेचाळीस. एक उतरला.

प्रीता: धाकटं?

आजोबा: दिसतंय आता. बाजूला आहे. हलत नाही.

प्रीता: झोपलंय?

आजोबा: नाही, प्रीता. झोपलं नाहीये.

प्रीता: ...लिहू?

आजोबा: मी लिहितो.

प्रीता: नको, चौदा नंबर माझा पण आहे. "दोन जिवंत. एक नाही." आणि इथे कारण विचारलंय. काय लिहू?

आजोबा: "ऊन." आणि पुढे लिही, "खोक्याला खिडक्या होत्या, मादीने लिंपल्या, खोकं मनोहरने आखलेलं." माझ्या नावासकट पूर्ण लिही. कुठेतरी कोणीतरी असंच खोकं करत असेल.

प्रीता: लिहिलं. आजोबा, उद्या तिकडे किती आहे?

आजोबा: बस आली बघ. मफलर घे.

प्रीता: किती आहे?

आजोबा: त्रेचाळीस.