वांदरांची इंग्रजी

बाकावर शेजारी बसलेल्या मुलीच्या मांडीवरचं इंग्रजीचं पुस्तक रक्षा मघापासून पाहत होती. त्यात कवितांची पानं तेवढी चिखलानं मळलेली होती. धड्यांची पानं कोरीकरकरीत होती. मुलगी आईबरोबर जोयड्याच्या स्टँडवर अणशीच्या बसची वाट पाहत होती.

"आये, मास्तर इचारत होते, एवढ्या मोठ्यानं कविता म्हणायला कुठं शिकलीस?"

"सांगायचं, वांदरांनी शिकवलं!"

"सांगितलं की. भात राखताना म्हणते म्हटलं. सगळा वर्ग हसला."

"हसू देत. कन्नड कवितेला वांदरं हालत न्हाईत. इंग्रजी ऐकली की पळत सुटतात."

"धडे वरडून येत न्हाईत, आये. मास्तर सांजचं समजावून सांगतात. हॉस्टेलच्या पोरी बसतात, मी शेतात असते."

"झालं हॉस्टेल सुरू!"

"मिरगापासून इचारतेय. तू नुसतं बघू म्हणतीस."

"तुझा बा जंगलात कामाला. तू हितं राहिलीस तर भात कोण राखणार?"

"मग न्हाई म्हण एकदाचं."

"ती पयली कविता हाय न्हवं, ती येती मला."

"तुला?"

"रोज बांधावर ऐकते. दुसरीतलं मधलंच तेवढं इसरते."

"आये, बस लागली बघ. ऊठ."

"जाऊ दे ती. मास्तर घरला जायच्या आधी गाठू या. तू हॉस्टेलात ऱ्हा. वांदरांना मी म्हणीन कविता."