बडग्याची न जळलेली दाढी

नाव : श्रीमती वच्छला रुपराव पौनीकर. वय : ५६ वर्षे. धंदा : घरकाम, व स्वतःच्या इमारतीत भाडेकरू ठेवणे. राहणार : जुनी मंगळवारी, नागपूर. सन १९८६, पोळ्यानंतरचा तिसरा दिवस.

मी वर लिहिलेली बाई, पोलीस स्टेशनात स्वतः येऊन, विचारले त्याप्रमाणे सांगते ते असे :

वरील पत्त्यावरची इमारत माझ्या मालकीची आहे. माझ्या सासऱ्यांनी ती सूत रंगवण्याच्या कारखान्यासाठी बांधली होती. कारखाना बंद पडून बरीच वर्षे झाली. पुढच्या खोल्यांत भाडेकरू आहेत. मागे बॉयलरची खोली आहे, तिला कुलूप असते आणि किल्ली माझ्या कमरेला असते. तक्रार देणारे धोंडबा बोकडे माझे भाडेकरू आहेत. ते, त्यांची पत्नी जिजाबाई आणि बाळंतपणासाठी माहेरी आलेली मुलगी शामला असे तिथे राहतात. शामलाला तान्ही मुलगी आहे. धोंडबांचे आणि माझे पूर्वीचे काही वैर नाही. उलट मारबतीच्या मिरवणुकीसाठी ते दरवर्षी बांबू आणि कागदाचा बडग्या, म्हणजे मिरवून जाळायचा पुतळा, करतात, तो मला मनापासून आवडतो.

मी काल दुपारी त्यांच्या घरात घुसून बाळाच्या पाळण्यात बादलीभर पाणी ओतले, अशी त्यांची तक्रार आहे. ती खरी आहे. त्या वेळी बाळ पाळण्यात नव्हते. मी आधी ते उचलून जिजाबाईंच्या हातात दिले होते. तेवढे मात्र तक्रारीत लिहायचे राहून गेलेले दिसते.

पाणी का ओतले ते सांगते. बॉयलरच्या नळांतली वाफ थंड होऊ नये म्हणून त्यांच्यावर एक पांढरा लेप असतो. त्याला अ‍ॅस्बेस्टॉस म्हणतात. तो दगडातून निघतो, पण सुटा असला की थेट कापसासारखा दिसतो. आमच्या भागात कापसाला कोण भिणार? माझे यजमान रुपराव तो पाण्यात कालवून स्वतःच्या हाताने नळांवर चढवत. लेप फुटला की खरवडून काढत आणि नवा लावत. हवालदारसाहेब म्हणतात, मुद्द्याचे सांगा. हाच मुद्दा आहे.

मी दुपारी डबा घेऊन जायची. छपराला एक काच होती, तिच्यातून उन्हाचा पट्टा खाली यायचा. त्या पट्ट्यात ते तंतू तरंगत असायचे. खाली पडायचेच नाहीत. सावरीची बोंडे फुटल्यावर रानात दिसते तसे. यजमान त्यातून चालत यायचे तेव्हा त्यांचे पाय जमिनीला लागत नाहीत असे मला वाटायचे. केस, भुवया, मिशी, सगळे पांढरे. मी डबा हातात धरून दारातच उभी राहायची आणि भाजी थंड व्हायची. इतके सुंदर मी नंतर काही पाहिले नाही. हे लिहू नका म्हणेपर्यंत हवालदारसाहेबांनी लिहून टाकले, तर आता राहू द्या.

पुढे त्यांना दम लागू लागला. आधी जिना चढताना, मग अंगणात, मग बसल्या जागी. सगळे दमा म्हणत होते. मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातल्या एका डॉक्टरांनीच पहिल्यांदा विचारले की तुम्ही काम काय करता. त्यांनी सांगितले की ते तंतू छातीत जाऊन रुततात आणि बाहेर येत नाहीत. यजमान गेल्यावर मी पुन्हा त्या डॉक्टरांकडे गेले. माणूस गेला, पण घर तर तसेच आहे, त्याचे काय करू, असे विचारले. ते म्हणाले, लेप धड आहे तोवर त्याच्या वाटेला जाऊ नका. फोडू नका, घासू नका, तिथे कोरडा झाडू मारू नका. तडा गेला तर भिजवून बुजवा. सुटा असेल तो ओला करून बांधून ठेवा.

तेव्हापासून मी तसे करत आले. नळांवर जाड कापड गुंडाळून त्यावर सिमेंटचा हात दिला. जमीन ओल्या फडक्याने पुसते आणि फडकी घरात आणत नाही. रुपरावांनी दुरुस्तीसाठी आणलेले पोतेभर सामान उरले होते. ते भिजवून जाड प्लास्टिकमध्ये बांधले, लोखंडी ड्रममध्ये घातले आणि झाकण डांबराने बंद केले. ते कुठे न्यावे हे विचारायला एका सरकारी कचेरीत गेले तर तिथले बाबू हसून म्हणाले, "नाल्यात टाकून द्या ना बाई." नाल्यात पोरे मासोळ्या धरतात. मी ड्रम घरीच ठेवला. भाडेकरू त्याला पौनीकरबाईचे भूत म्हणतात. म्हणू दिले. भुताच्या खोलीत कोणी जात नाही, असा माझा हिशेब होता.

पोळ्याला मी कामठीला बहिणीकडे गेले होते. धोंडबांना या वर्षीच्या बडग्याला लांब पांढरी दाढी हवी होती. मी ड्रम भरला तेव्हा आतला पांढरा माल त्यांनी पाहिला होता, आणि आता मी घरी नव्हते. त्यांनी कुलूप तोडले आणि ड्रम उघडला. आतला माल ओला होता. तो वाळवून हाताने पिंजल्याशिवाय इतका फुलत नाही, हे मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी परतले तर रस्ता मिरवणुकीने तुंबला होता. लोक ओरडत होते, रोगराई घेऊन जा गे मारबत. गर्दीच्या डोक्यावरून बडग्या डुलत येत होता. ऊन त्याच्या तोंडावर होते. दाढीतून पांढरे तंतू सुटत होते आणि ढोलताशांच्या वर तरंगत होते. क्षणभर मला वाटले, हे आले. मी पिशवी खाली ठेवून डोक्यावर पदरसुद्धा घेतला. मग शुद्धीवर आले आणि ओरडू लागले. ताशांपुढे माझा आवाज कोणाला ऐकू जाणार?

बडग्या जाळला तेव्हा बांबू जळाले, कागद जळाला, दाढी जळली नाही. राखेत ती पांढरीच्या पांढरी पडून होती. लोक पाया पडू लागले. मी धोंडबांना गाठले आणि म्हणाले, "काहून कुलूप तोडलं गा? तो कापूस नाही होय."

"मीबी तेच म्हणून राहिलो, काकू. कापूस असता तर जळला नसता का? ही देवाची करणी होय."

"त्यानंच तुह्या काकाले नेलं."

"काकाले दम्यानं नेलं, काकू. साऱ्या मोहल्ल्याले माहीत आहे."

माझ्यादेखत लोकांनी त्या दाढीचे पुंजके वाटून घेतले. कोणी देव्हाऱ्यात ठेवायला, कोणी पोरांच्या ताइतात घालायला.

काल सकाळी मी बादली आणि ओली फडकी घेऊन दारोदार फिरले. पुंजका ओल्या फडक्यात घ्यायचा, बादलीत बुडवायचा, जागा पुसायची आणि पुढे जायचे. काहींनी हसून दिला, काहींनी भिऊन. बाई चळली असे मी कानांनी ऐकले. मला त्याचे सोयरसुतक नाही. चळलेल्या बाईशी लोक हुज्जत घालत नाहीत, त्यामुळे काम लवकर झाले.

शेवटी शामलाच्या खोलीत गेले. बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी असते. जिजाबाईंनी तिच्यातली मोहरी काढून तो पुंजका भरला होता. जे आगीला जुमानत नाही ते नातीला जपेल, एवढाच त्यांचा भाबडा विचार. उशीची शिवण उसवली होती आणि बाळाने मुठीत धरून तो बाहेर ओढला होता. खिडकीतून ऊन येत होते. पाळण्यावर तेच तंतू तरंगत होते आणि बाळ त्यांच्याकडे बघून हसत होते. मी तिथेही थोडा वेळ उभी राहिले. का, ते मला सांगता येत नाही. मग बाळ उचलले, जिजाबाईंकडे दिले आणि पाणी ओतले. कोरडे ओढले असते तर खोलीभर उडाले असते. जिजाबाईंनी हंबरडा फोडला. मला अतिशय भीती वाटली होती. यजमानांच्या वेळी अशी भीती वाटली नाही, कारण तेव्हा मला काही माहीतच नव्हते.

माझ्या बादलीतला एक पुंजका पोलिसांनी पुरावा म्हणून घेतला. आज मी आले तेव्हा तो टेबलावर वर्तमानपत्रात उघडा, वाळलेला, आणि वर पंखा. पंखा बंद करा म्हटले तर हवालदारसाहेब म्हणाले, बाई, किती उकडून राहिलं. पंखा चालू असेतो जबाब देणार नाही असे मी सांगितले. तेव्हा तो बंद झाला. मग पुडीवर ओले फडके टाकले आणि मी बोलायला लागले.

तुटलेल्या कुलपाबद्दल माझी तक्रार नाही. पुडी ओली आणि बंद ठेवावी. धोंडबांच्या खोलीत झाडू मारू नये, पुसून घ्यावे. बाळाचे कपडे झटकू नयेत, भिजवूनच धुवावेत. बोलताना मला मध्ये मध्ये थांबावे लागले. तो माझा जुना खोकला आहे, या प्रकरणात तो लिहू नये.

येथपर्यंतचा जबाब मला वाचून दाखवला. त्यापुढचे मी सांगितले म्हणून वाढवले आहे. वाचन चालू असताना धोंडबा आणि बाळाला घेऊन शामला बाकावर बसले होते. पाळण्यावरच्या उन्हाचे वाचून झाले तेव्हा धोंडबा उठले. त्यांनी बाळाच्या गळ्यातला काळा दोरा तोडला. त्यात ताईत होता, तो मला काल दिसला नव्हता. त्यांनी माठातले पाणी पेल्यात घेतले आणि ताईत त्यात बुडवला. पेला माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "काकू, मी तो रातभर हातानं पिंजला. नाकातोंडात गेला. मले काही होईन का?"

मी पेला उचलून ओल्या फडक्याने झाकला.

हे शेवटचेही मला ऐकवले. जसे घडले तसेच उतरले आहे, म्हणून खाली सही करते.

(सही) वच्छला रुपराव पौनीकर