टाचेमागची शीर

हिंगोलीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघं मेंढपाळ बसले होते. मल्हारीचा पाय प्लास्टरमध्ये होता. शिवहारनं विचारलं,

“काय म्हनले डॉक्टर?”

“तू दगड मारलाच नव्हता, शिवहार. मी कोकरामागं पळालो अन् टाचेमागची शीर तुटली. तुटताना मागून दगड बसल्यावानीच वाटतं म्हने.”

“मी तेच सांगून राहिलो होतो. तू शिव्याच देत होता.”

“त्यांनी पोटरी दाबली, तरी पाऊल हललं न्हाई. पोटरी शिरेला वढते, शीर टाच उचलते, तवा मानूस चालतो.”

“व्हईल का बराबर?”

“व्हईल की! साल सरायच्या आत पळीन. पन तवर माझी मेंढरं?”

“सकाळीच माझ्या कळपात घातली. तुझं कुत्रं बी आलं संगं.”