धुळीसकट

हॅलो?

हॅलो… हं, बोल ठमे. ऐकू येतंय गं, ओरडू नकोस. सभागृहाच्या बाहेर आहे, जिन्यापाशी. आत एक जण आरशांवर बोलतोय. पहिल्या रांगेतले दोघे केव्हाच झोपलेत.

नाही ना, माझं अजून व्हायचंय. हे गृहस्थ संपले की चहा, चहा संपला की मी.

हो, तोच निळा ड्रेस. इस्त्री तुझ्या भावाने केली… हो, तुझ्याच भावाने! पाठीवर हा एवढा डाग पाडून ठेवलाय. पण असू दे, मी काही समितीला पाठ दाखवणार नाहीये.

घाबरतेय कशाला? हात गार पडलेत, ते इथल्या एसीने. आणि हे बघ, नणंदेने वहिनीला टोमणे मारायला तीनशे चौसष्ट दिवस आहेत. आज जरा गोड बोल.

हं… जमल्यात सगळ्या? शेडमध्येच? अगं, पण त्यांना सांग, लॉटरीसारखा निकाल नसतो हा. मी बोलणार, ते प्रश्न विचारणार, मग ठरवणार. पानांचा रोग ओळखणारा आपला चिमटा या हंगामापासून सगळ्या बायकांच्या गटांना द्यायचा की नाही, एवढंच.

देतील गं, का नाही देणार? आकडे सोन्यासारखे आहेत आपले. प्रकाश माझा, रोपं शेतकी विभागाची, बायका तुझ्या. तीन विभाग एकत्र येऊन भांडण न होता काम झालं, यासाठीच खरं तर बक्षीस द्यायला हवं.

स्पीकरवर? ठेव ना, ठेव… नमस्कार काकू! हो, हो, मीच बोलतेय. खाल्लं, खाल्लं… नाही, पोटभर नाही खाल्लं, झोप येते मग. तुम्ही कशा आहात? हातांचं कसं आहे?

हो, त्यासाठीच तर चाललंय ना सगळं. दहा ओळी आजारी असतील तर दहाच ओळींवर औषधाचा फवारा. अख्ख्या शेतावर नाही.

विचारा की. परवानगी कसली मागताय?

काय?

नाही कळलं, काकू. आवाज तुटतोय. ठमे, तू सांग. काय म्हणाल्या त्या?

"चिमटा आल्यावर रोज अख्ख्या शेताची पानं पुसायला माणसं कुठून आणायची?"

पानं कशाला पुसायची?

नाही, मी हसत नाहीये. पानं का पुसायची, ठमे?

थांब. थांब जरा. पुन्हा सांग. मी येणार असले की… आदल्या संध्याकाळी… ओल्या फडक्याने?

सगळ्या?

म्हणजे मोजायला ज्या रोपांना आपण लाल फीत बांधली, ती सगळी? दोन्ही बाजूंनी?

दर वेळी? अगं, अगदी पहिल्या वेळेपासून?

थांब, आकड्यांची वही काढते.

नाही, रागावले नाही… हो, रागावलेय! रागावू नको तर काय करू? हंगामभर तू तिथे होतीस, तुला एकदा तरी… नाही, तुलाही माहीत नव्हतं का? तू तर तेव्हा बायकांच्या तब्येतीची घरोघरी पाहणी करत फिरत होतीस. हं. खरंय, संध्याकाळी तू शेतात नसायचीस.

पण का? कुणी सांगितलं त्यांना?

काय म्हणतात काकू?

"लांबून मोठी बाई येणार, मळकट पानं कशी दाखवायची."

अरे देवा.

ठमे, ऐक. नीट ऐक, आणि बायकांनाही ऐकू दे. चिमट्यात पान धरलं की खालून दिवा लागतो, बरोबर? तो उजेड डोळ्याला दिसत नाही, पण पानातून आरपार जातो. पलीकडे किती पोचला, तो आकडा. सत्तरच्या वर असला तर पान निरोगी. खाली गेला तर करपा लागायला सुरुवात झालीये, भले डाग अजून दिसत नसोत. इथवर ठीक?

आता पानावर धूळ असली तर काय होईल? उजेडाला काय कळतंय, रोगाने अडवलं की धुळीने? धडधाकट पानही आजारी ठरेल. आणि तुमच्या त्या कच्च्या रस्त्याशेजारी धूळ नसलेलं पान मला एक दाखव.

हो ना! मग मला कसं दिसलं सगळं चकाचक? मला वाटलं, काय शेत आहे! मी तर सरांना कौतुकाने सांगितलं होतं.

एक मिनिट… आठवतंय तुला, ती रस्त्याकडची शेवटची ओळ? तिचे आकडे सगळे घसरले होते? विचार काकूंना, ती ओळ पुसायच्या का त्या?

नाही पुसायच्या. ट्रक गेला की पुन्हा धूळ, म्हणून सोडून द्यायच्या. आणि आम्ही काय केलं माहितीये? सर म्हणाले, यंत्र तापलं असेल, ही ओळ बाजूला ठेवू. मीही मान डोलावली. खरी काय ती तेवढीच ओळ होती गं, आणि तीच आम्ही फेकून दिली.

नाही, नाही, अजून पक्कं नाही म्हणत मी. खात्री करू या. चिमटा तुझ्याकडे आहे ना? जा शेतात. आत्ता! पळ! चहाची भांडी आत न्यायला लागलेत इथे.

ऊन लागेना का, टोपी घाल. मी धरते फोन.

…

पोचलीस? आधी ते तपासणीचं पारदर्शक कार्ड चिमट्यात धर. शंभर दाखवतोय? शाब्बास. आता कुठल्याही रोपाचं एक पान घे. फीत बघू नकोस, डाग नसलेलं हिरवं पान घे. धुळीसकट. हात फिरवू नकोस वरून! धर. किती?

त्रेपन्न.

आता तेच पान पुस. फडकं नाही? ओढणीने पुस. अगं, धुऊन देईन मी, पुस! सुकू दे जरा… ओलं पान चालणार नाही, फुंकर मार. धर आता.

किती?

एक्क्याऐंशी.

तेच पान ना? नक्की तेच? बरं, शेजारचं घे. सांग… हं. आणि पुसून? हं. अजून एक, मग पुरे.

झालं. दूध का दूध, पानी का पानी झालं.

ठमे, रडतेयस का तू? अगं… नाही, वाया नाही गेलं. थांब हं, सर आले.

हो सर, आलेच. शेतावरूनच फोन आहे. सर, एक गडबड झालीये. पानं पुसलेली होती… पानं, सर. टोमॅटोची… ओल्या फडक्याने. नाही, वाऱ्याने नाही, माणसांनी! मी यायच्या आदल्या दिवशी… हो सर, दर वेळी. आत्ता तिथे मोजून घेतलं, सरळ अठ्ठावीसचा फरक.

नाही सर, मी आत जाऊन तसेच आकडे नाही दाखवणार.

पुढच्या वर्षी सुधारणा छापू? सर, पुढच्या वर्षीपर्यंत चिमटा गावोगावच्या बायकांच्या हातात असेल, आणि तो रोज त्यांना सांगेल की अख्खं शेत आजारी आहे. मग त्या अख्ख्या शेतावर फवारणार. म्हणजे आपण त्यांना काय दिलं? फवारायला अजून एक कारण.

माहितीये, तुमचंही नाव आहे त्या अहवालावर. म्हणूनच तुम्हाला आधी सांगतेय. तुम्हीच शिकवलंत ना, नमुना आहे तसाच मोजायचा, सजवून नाही म्हणून?

हो सर. मी बोलते. जबाबदारी माझी. तुम्ही चहा घ्या.

हॅलो, ठमे? गेले सर. तोंड एवढंसं झालं होतं बिचाऱ्यांचं. पण नाही म्हणाले नाहीत.

काय? तूपण? अगं, आज गप्प बस असं तू तरी नको म्हणूस.

मलाही कळतं ते. काकूंचे हात पाहिलेत मी. त्या दिवशी पाण्याचा ग्लास धरता येत नव्हता त्यांना, अंगठ्याची सालं निघालेली. मी त्या रात्री जेवले नव्हते, विचार तुझ्या भावाला. मलाच घाई नाहीये का?

पण असं बघ. आज मी गप्प बसले, चिमटा वाटला, आणि पहिल्याच आठवड्यात तो खोटं बोलायला लागला… तर काकू काय करतील? बांधावरून भिरकावून देतील, आणि बरोबरच करतील. मग दोन वर्षांनी मी खरं यंत्र घेऊन आले तरी दारात कोण उभं करेल मला? दुधाने तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकून पितात.

पुसायचा नियमच करू या? नाही ना जमत, वेडे. एक तर अख्खं शेत पुसायचं कुणी? काकूंचा प्रश्न तोच तर होता. आणि ओलं फडकं एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलं की करपाही त्याच्यासोबत फिरतो. आपणच रोग वाटत सुटू.

उपाय आहे. आहे म्हणजे, असावा. चिमट्यात दुसरा दिवा बसवायचा, वेगळ्या रंगाचा. धूळ दोन्ही उजेड सारखेच अडवते, तिला काही आवडनिवड नाही. करपा मात्र एकाला जास्त अडवतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की धुळीची लबाडी उघडी पडेल. जमेल की नाही, ते आज नाही सांगता येणार. म्हणून तर एक हंगाम मागायचाय.

नाही दिला तर? तर पुन्हा मागायचा. आणि पुन्हा. मी कुठे जातेय?

तोवर बायकांचं काय… तेच सांगतेय तुला! तुझी पाहणी आहे की. फवारणीनंतर कुणाला चक्कर येते, कुणाच्या हातांना पुरळ उठतं, कुणाला रात्रभर खोकला. पान पुसलं काय नि न पुसलं काय, ते खरंच आहे ना? त्याला माझ्या दिव्याची गरज नाही. हातमोजे, तोंडाला मास्क, हात धुवायला शेताजवळ नळ. हे सगळं माझ्या चिमट्यासाठी का थांबलंय? माझ्या भाषणात ते शेवटी होतं, वेळ उरला तर. आता आधी तेच बोलणार. तू केलेलं काम आधी, माझं फसलेलं नंतर.

रडू नकोस म्हणते ना. नाक पूस… ओढणीने नको, मळलीये ती.

बायका कुठे आहेत? मागे आल्या का तुझ्या? काकूंना दे जरा फोन.

काकू? नाही, नाही, तुमच्यामुळे काही बिघडलं नाही. उलट तुम्ही आज विचारलंत म्हणून वाचलो. माफी कसली मागताय? ऐका तरी… काकू, ऐका ना.

माझ्या सासूबाई आहेत ना, ठमीच्या आई. लग्नाला नऊ वर्षं झाली माझ्या, पण मी गेले की अजून माझ्यासाठी कपाटातला फुलाफुलांचा कप निघतो. बाकी सगळे कान तुटलेल्या कपांत चहा पितात, हसतात, भांडतात. आणि मी तो कप फुटेल म्हणून जपत बसते. आता मला सांगा, त्या घराचं मला काय कळत असेल?

तसंच झालं बघा आपलं. तुम्ही घर आवरलंत, आणि मी येऊन पाहुणीसारखी बसले. सांगून आले, गाडीतून आले, फीत बांधलेलीच रोपं बघितली आणि परत गेले. एकदाही विचारलं नाही, की काकू, एरवी ही पानं कशी असतात? चूक तुमच्या फडक्यात नव्हती, माझ्या येण्यात होती.

हं… हो… बोला ना.

नाही, आता नाही पुसायची. मळकट असू देत, कोळ्यांची जाळी असू देत, काही असू दे.

मला लाज नाही वाटत तुमच्या शेताची. कधीच वाटली नव्हती.

आले, आले! …अहो काका, दोन मिनिटं. माझंच नाव पुकारलं ना? हो, जाते.

काकू, बोलावलं मला. ठमीला सांगा, ते तीन पानांचे आकडे मला मेसेज कर म्हणावं, मी पडद्यावर पहिले तेच लावते. आणि डागाचा ड्रेस घातलाय ते बरंच झालं म्हणावं. आज सगळंच धुळीसकट दाखवायचंय.

काय? मोजायला पुन्हा कधी येणार?

ते नाही सांगणार आता.

नाही हो, रागाने नाही! अहो काकू, घरचं माणूस कधी सांगून येतं का?

…चला, ठेवते.