टिटवाळ्यातली केबल किती खोल?

अरे, आमच्या काकांएवढा हट्टी म्हातारा मी पाहिला नाही. जमिनीतली केबल मशीनने शोधायचं काम आम्ही दोघं करतो. टिटवाळ्यात मशीनने केबल दीड मीटर खाली दाखवली. काका खोदणाऱ्या बाळूदादाला म्हणाले, “मार पहार बिनधास्त.”

मी मशीन हातभर वर उचललं. खोलीही हातभर वाढायला हवी होती, पण आकडा हललाच नाही.

“थांब रे! शेजारच्या केबलचा सिग्नल मिसळतोय. आकडा खोटा आहे.”

“कॉलेज सोडलेला मला शिकवणार?”

मी पहार हिसकावली आणि हाताने माती उकरली. वीतभरावर विजेची चालू केबल! बाळूदादा चार पावलं मागे सरकला.

काकांनी घाम पुसला. “मशीन उचलून बघायचं कुणी शिकवलं तुला?”

“तुम्हीच की!”

“मग? वाचवलं कुणी बाळूला?”