टाकाऊ वस्तू घेऊन या

पर्यावरणावर भाषण द्यायला मला पुन्हा सांगू नका गं. आमच्या शाळेत माझी काय शोभा झाली ते आधी ऐका.

लोधिवलीच्या बाजूला माझी शाळा. चौथीच्या वर्गाला मी सांगितलं, "उद्या घरातली एकेक टाकाऊ वस्तू आणा, त्यातून आपण टिकाऊ वस्तू बनवू." दुसऱ्या दिवशी सगळी पोरं हात हलवत आली.

"अरे, तेलाचा रिकामा डबा तरी आणायचा!"

"त्यात तुळस हाय, बाई."

"जुनी साडी?"

"काकडीच्या मांडवाला बांधलीय."

"दुधाच्या पिशव्या?"

"आमची म्हैस हाय ना!"

प्रदर्शन तोंडावर आलेलं, केंद्रप्रमुख बघायला येणार. मग काय, मीच चौक गावातून रिक्षात घालून माझ्या घरचा दोन पोती कचरा नेला. ऑनलाइन मागवलेल्या सामानाचे खोके, हॉटेलातल्या भाजीचे प्लास्टिकचे डबे, कोल्ड्रिंकच्या बाटल्या. पोरं हरखून बघत राहिली. एकीनं विचारलंच, "बाई, तुमच्या घरी किती माणसं हायत?"

"दोघंच गं," म्हटलं आणि घाईघाईनं कात्र्या वाटल्या.

पोरांनी त्यातून काय सुंदर कुंड्या केल्या! केंद्रप्रमुख खूश. जाता जाता त्यांनी वर्गाला विचारलं, "सांगा बरं, एवढा कचरा येतो कुठून?"

"आपल्या चुकीच्या सवयींतून" हे उत्तर मी आठवडाभर घोकून घेतलं होतं.

अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "बाईंच्या घरनं!"