लवूकाकांच्या चेहऱ्यावरचा शिक्का

आदरणीय अध्यक्ष भाऊरावकाका, व्यासपीठावरचे आमचे संपादक हर्षद सर, मंडळाचे सर्व पदाधिकारी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या नलिनीताई तावडे, पहिल्या रांगेत बसलेले अंबादास आजोबा, सुशांतदादा, आणि भांडुपच्या या टेकडीखालच्या वस्तीतल्या सगळ्या काका-काकू, ताई-दादांनो, सर्वांना माझा नमस्कार आणि जयभीम.

मी शीतल. अंधेरीला आमच्या बातम्यांच्या वेबसाइटचं ऑफिस आहे. तिथल्या पडताळणी कक्षाच्या नलिनीताई प्रमुख, आणि मी त्यांच्या हाताखाली काम करते. मोबाइलवर फिरणाऱ्या गोष्टींत खरं काय, खोटं काय हे शोधून लोकांना सांगायचं, एवढंच आमचं काम. भाषण करणं माझं काम नव्हे. भाऊरावकाकांनी मला मानपत्र वाचायला बोलावलं. म्हणाले, ‘‘पोरी, तुझा आवाज स्पष्ट आहे.’’ हे त्यांनी फोनवरून ठरवलं होतं. आता समोर उभी आहे, तर आवाज थरथरतोय. तेवढं सांभाळून घ्या.

मानपत्राकडे मी येते. त्याआधी थोडं बोलायची परवानगी मी अध्यक्षांकडून घेतली आहे. किती वेळ, ते त्यांनी विचारलं नाही.

माझे पप्पा, रतन, वीज कंपनीत लाइनमन होते. शाळेत माझं नाव घालायच्या आधीपासून आमच्या घरात एक शाळा चालायची. जेवताना प्रत्येकानं दिवसातली एक गोष्ट सांगायची आणि शेवटी म्हणायचं, ‘ऐकलं’ किंवा ‘पाहिलं’. एकदा मी सांगितलं की शेजारच्या प्रियंकाचा कुत्रा मेला. पप्पांनी विचारलं, ‘‘ऐकलं की पाहिलं?’’ मी म्हटलं, ऐकलं. ‘‘मग बघून ये.’’ मी गेले. कुत्रा दारात बसून पाव खात होता. मी चिडून विचारलं, ‘‘पप्पा, एवढं काय त्यात?’’ ते म्हणाले, ‘‘लाइन बंद आहे असं मला कुणीतरी सांगतं. मी तेवढ्यावर वायरला हात लावू का?’’

तेव्हापासून मला ही खोड लागली. मैत्रिणी वैतागतात. ‘‘तू ना यार, लग्नाच्या पत्रिकेचीपण पडताळणी करशील,’’ म्हणतात.

नलिनीताईंकडे कामाला लागले तेव्हा वाटलं होतं, आता कुणी हसणार नाही. पहिल्याच आठवड्यात त्या हसल्या. युद्धाची कुणकुण नुकतीच सुरू झाली होती. कुणीतरी व्हिडिओ टाकला होता : पवई तलावात शत्रूची पाणबुडी. पाण्यात खरोखरच काहीतरी काळं, लांबट दिसत होतं. मी नकाशे काढले, तलावाची खोली शोधली, समुद्रातून तलावात यायला वाट नाही हे सिद्ध करायला दोन पानं लिहिली. ताईंनी ती चष्मा वर करून वाचली आणि म्हणाल्या, ‘‘झकास लिहिलंयस गं. पण तू बघितलंस का?’’ मी म्हटलं, नकाशात बघितलं. ‘‘मग जा ना बाई. पवई काय लंडनला आहे?’’

मी गेले. जलपर्णी काढायचं यंत्र गाळात एका बाजूला कललं होतं आणि त्यावर दोन माणसं डबा खात बसली होती. मी फोटो काढला. परत आले तर ताई हसत होत्या. ‘‘काय म्हणतात पाणबुडीवाले? जेवले का?’’

ताईंचं हसणं तुम्ही ऐकलं आहे. अलीकडे ऐकलेलं नाही, हेही मला माहीत आहे.

आता मी त्या दिवसाबद्दल बोलते. या सभागृहात तो दिवस न आठवणारं कुणी नसेल. तरी मी सांगते, कारण आपण सगळ्यांनी त्याचा एकेक तुकडाच पाहिला आहे आणि उरलेलं ऐकलं आहे.

सीमेवर लढाई पेटली होती. मे महिन्याचं ऊन होतं. दुपारी एक व्हिडिओ आला. काळ्या धुराचे लोट, आणि खाली मजकूर : ‘ट्रॉम्बेवर हल्ला. विषारी वायू पसरतोय. सखल भागात थांबू नका, उंचावर जा.’ आम्ही शोधलं. व्हिडिओ जुना होता, दुसऱ्याच देशातल्या तेलाच्या टाक्यांच्या आगीचा. ट्रॉम्बेत राहणाऱ्या दोघांना आम्ही ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून व्हिडिओ कॉल केले, त्यांनी खिडकीतून स्वच्छ आभाळ दाखवलं. हल्ला झालेलाच नव्हता. मग नेहमीसारखं कार्ड बनलं. वर आमचं चिन्ह आणि ‘आम्ही पडताळलं’ हे शब्द. मधे तो धूर आणि तो मजकूर, मोठ्या अक्षरात, म्हणजे आपण कशाबद्दल बोलतोय ते लोकांना कळावं. आणि अगदी खाली लाल पट्टी : ‘खोटे’.

ती खालची पट्टी कुणीतरी कापली. कुणी, ते आम्हाला आजवर सापडलेलं नाही. कापल्यावर काय उरलं, ते डोळ्यांसमोर आणा. धूर, ‘उंचावर जा’, आणि वर आमचं चिन्ह. ‘आम्ही पडताळलं.’

ते कापलेलं कार्ड आपल्या वस्तीच्या ग्रुपवर आलं. आणि आपली वस्ती तर मेसेजवर सहजासहजी विश्वास ठेवणारी नव्हती! लवूकाकांनी, म्हणजे ताईंच्या यजमानांनी, तुम्हाला तसं वळणच लावलं होतं. कुणी काही टाकलं की त्यांचं उत्तर ठरलेलं : ‘‘नलूचो शिक्को खंय आसा? शिक्को नाय तर माका सांगू नको.’’ त्या दिवशी शिक्का, म्हणजे आमचं चिन्ह, होता.

तुम्ही विचाराल, काकांनी ताईंना एक फोन का केला नाही? मलाही हे कितीजणांनी विचारलं. काकांनी फोन केला होता.

आमच्या कक्षात एक रीत होती. मोठी बातमी तपासायला घेतली की सगळ्यांचे फोन बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जायचे. ही रीत ताईंनीच घातली होती. त्या म्हणायच्या, ‘‘अर्धवट तपासलेलं आपण घरच्यांना सांगतो, घरचे शेजाऱ्यांना, आणि मग आपलीच अफवा होते. आपल्या माणसांना जगाच्या आधी कळता कामा नये.’’ कार्ड गेलं होतं, पण त्याच्यामागोमाग दुसरे तीन व्हिडिओ आले होते, म्हणून डबा बंदच होता. आतला एक फोन थरथरत होता. पत्र्यावर त्याचा आवाज मोठा येतो. थांबला, परत सुरू झाला. ताईंनी एकदा डब्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘आधी हे होऊ दे.’’

हे मी पाहिलं आहे. ताई, हे मी इथे सांगितलं तर चालेल ना, असं मी तुम्हाला काल विचारलं होतं. तुम्ही ‘सांग’ म्हणालात, म्हणून सांगितलं.

इकडे काय झालं, ते अंबादास आजोबांनी पाहिलं. आजोबांच्या पायात जोर नाही. तरणी माणसं पोरांना घेऊन टेकडी चढत होती. लवूकाका एकदा वर जाऊन परत खाली आले, आजोबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, आणि एका मुलाला मागून धरायला सांगून खुर्ची उचलली. आजोबा मला म्हणाले, ‘‘म्या म्हनलं, लवू, मला इथंच ठिव, तू जा बाबा. तर मलाच दटावलं त्यानं. म्हनला, ‘गप बसा आजोबा, नलूचा शिक्का हाय, खोटं नसंल.’’’ वर पोहोचल्यावर काकांनी खुर्ची सावलीत ठेवली. स्वतः उन्हातच बसले. पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत ते गेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं.

खाली हवा स्वच्छ होती.

क्षमा करा. एक मिनिट.

पुढचं मी लवकर सांगते. काकांचा दहावा व्हायच्या आत त्यांचा फोटो फिरायला लागला. आपल्याच गणेशोत्सवातला, मंडळाचा फेटा बांधलेला. खाली लिहिलं होतं : ‘शत्रूच्या हल्ल्यात मुंबईचा पहिला शहीद. सरकार लपवतंय.’ लाखो लोकांनी पुढे पाठवला. ट्रॉम्बेवर हल्ला झालाच होता याचा पुरावा म्हणून. त्यामुळे पुन्हा माणसं घाबरली. मुलुंडच्या एका सोसायटीत म्हातारी माणसं गच्चीवर जाऊन बसली होती, हे मी ऐकलेलं आहे.

ताई कामावर परत आल्या होत्या. आमच्यात कुणाचीच त्या फोटोबद्दल बोलायची हिंमत नव्हती. त्यांनी स्वतःच तो पडद्यावर घेतला. हर्षद सर म्हणाले, ‘‘नलिनीताई, हे तुम्ही करायचं नाही. दुसरं कुणीतरी करेल.’’ ताई म्हणाल्या, ‘‘दुसऱ्या कुणी केलं तर लोक म्हणतील, बाईला न विचारता केलं.’’ सुशांतदादा तेव्हा त्यांना घ्यायला आले होते. ते रडत म्हणाले, ‘‘आई, बाबांना कुणीतरी मोठं म्हणतंय. म्हणू दे ना. आपलं काय जातं?’’ ताईंनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, ‘‘बाळा, तुझे बाबा खोट्यामुळे गेले. आता त्यांच्या नावानं दुसरं कुणी जायला नको.’’

आणि मग तो शिक्का. दादांनो, ताईंनो, ज्यासाठी तुमच्यातल्या काहींनी ताईंशी बोलणं टाकलं, त्याबद्दल मी आता सांगते आहे. तुम्ही म्हणालात, कसली बायको ही, नवऱ्याच्या तोंडावर ‘खोटे’ लिहिलं. मी ते ऐकलं आहे. हळदीकुंकवाला त्यांना बोलावलं नाही, हेही ऐकलं आहे.

पट्टी खाली असली की कापता येते. म्हणून त्या दिवसानंतर ताईंनी नियम केला होता : ‘खोटे’चा शिक्का चित्राच्या बरोबर मधोमध, तिरका, कापलं तर चित्रच उरणार नाही असा. त्या नियमानं बनलेलं पहिलं कार्ड लवूकाकांच्या फोटोचं होतं. आणि फोटोच्या मधोमध काय असतं? चेहरा असतो.

हर्षद सर म्हणाले, ‘‘एवढ्या एका वेळी शिक्का बाजूला घ्या.’’ मीही म्हटलं, ताई, कडेला ठेवू या, कुणी काही म्हणणार नाही. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘‘कडेला होता म्हणूनच कापला ना गं.’’ मी माउस धरला होता. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि शिक्का स्वतः ठेवला. मग पडद्यावर, काकांच्या फेट्याजवळ, बोट टेकवलं. हे मी पाहिलं आहे.

त्या कार्डाखाली त्यांनी चार ओळी लिहिल्या होत्या. तुमच्यापर्यंत फक्त फोटो पोहोचला, ओळी पोहोचल्या नाहीत, म्हणून मी त्या आज वाचते. ‘लवू तावडे यांचा मृत्यू हल्ल्यात झालेला नाही. ट्रॉम्बेवर हल्ला झाला नव्हता. शेजाऱ्याला उन्हात टेकडीवर नेताना त्यांचं हृदय थांबलं. ज्या कार्डावर विश्वास ठेवून ते निघाले, ते आमच्याच कक्षानं कापता येईल असं बनवलं होतं.’ शेवटची ओळ काढावी असं वरून सुचवलं गेलं होतं. हर्षद सर, आपण ती राहू दिलीत, त्याबद्दल मी सर्वांसमोर आपले आभार मानते.

ताईंना निवृत्तीला अजून अवकाश होता. त्या का चालल्या आहेत, हे मी त्यांना विचारलं. म्हणाल्या, ‘‘डबा नुसता वाजल्यासारखा वाटला तरी हात थांबतो गं. हात थांबणारी बाई तिथे काय कामाची?’’ जाण्याआधी त्यांनी एक नवी रीत घातली. आता डबा बंद झाला तरी एक फोन टेबलावर बाहेर असतो, आणि त्याचा नंबर सगळ्यांच्या घरी दिलेला असतो.

आता मानपत्र. भाऊरावकाका, आपण ते फार प्रेमानं लिहिलंत. वस्तीला ताईंची माफी मागायची आहे आणि ती शब्दांत मागवत नाही, म्हणून ही सुंदर फ्रेम आहे, हे मला कळतं. त्यात पहिल्याच ओळीत ‘वीरपत्नी’ असा शब्द आहे. मघाशी मी काकांना भीत भीत विचारलं, हा बदलता येईल का? ते म्हणाले, ‘‘अगं, काच बसली की! आता काय स्क्रू काढू?’’ मग मी ताईंना विचारलं. त्यांनी फ्रेम वाचली, काचेवरून पदर फिरवला आणि एवढंच म्हणाल्या, ‘‘तू वाचणार आहेस ना? मग ठीक आहे.’’

म्हणून मी वाचते, आणि तो शब्द गाळून वाचते. काका, राग मानू नका. तो शब्द ज्यांचा आहे त्या बायकांची माणसं सीमेवरून परतली नाहीत. आमचे लवूकाका लढाईत गेले नाहीत. त्यांना शेजाऱ्याला मागे ठेवून जाता आलं नाही, म्हणून गेले.

‘श्रीमती नलिनी लवू तावडे यांस, आपल्या वस्तीतर्फे, आदरपूर्वक.’ ताई, हा कागद आमच्या सगळ्यांकडून घ्या.

मंडळाचे, हर्षद सरांचे, आणि एवढा वेळ गप्प बसून ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचे मी आभार मानते. लहान तोंडी मोठं बोलले. कुणाचं मन दुखावलं असेल तर लेक समजून पदरात घ्या. पण टेकडीवरचं जे मी सांगितलं, तिथे मी नव्हते. ते माझ्यासाठी अजून ऐकलेलंच आहे. त्यात काही चुकलं असेल तर ज्यांनी पाहिलं त्यांनी आत्ताच, इथेच सांगावं.

आजोबा? उठू नका, बसूनच सांगा.

मागच्यांना ऐकू गेलं नसेल. आजोबा म्हणाले, ‘‘पोरी, बरोबर हाय. म्या पाह्यलंय.’’

मी बसते. धन्यवाद.